फ्लॅटच्या कामात हात कुठे सैल सोडला, कुठे आखडता घेतला

पुण्यातला आमचा फ्लॅट बराच जुना, मागच्या वर्षी वायरिंग, बाथरूम, किचन सगळंच एकदम काढलं. सगळीकडे एक नंबर माल घ्यायचा तर बजेट कुठल्या कुठे जात होतं आणि सगळीकडे स्वस्तातलं घ्यायला मन धजेना. मग मी आणि नवऱ्याने प्रत्येक आयटमला एकच प्रश्न लावला, उद्या हे बिघडलं तर बदलायला काय काय फोडावं लागेल?

त्यामुळे भिंतीतल्या वस्तूंवर हात सैल सोडला. आयएसआय मार्कची एफआर, म्हणजे आग सहज पसरू न देणारी वायर, लाइटला 1.5, प्लगला 2.5 आणि गीझर-एसीला 4 चौरस मिलिमीटर. वायरमन म्हणाला, ताई गीझरला अडीचची पण चालते, चालत असेल हो पण त्या वायरसाठी टाइल्स परत फोडायची माझी अजिबात तयारी नाही. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी घेतली, तिथे तर घासाघीसच केली नाही, करंट लीक झाला की क्षणात सप्लाय तोडते आणि घरात लहान मूल आहे. वॉटरप्रूफिंग पण चांगलं करून घेतलं, पाणी भरून ठेवून खालच्यांच्या छताला ओल येत नाही ना ते बघितलं आणि मगच टाइल्स, त्या मात्र साध्याच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं प्लायवूडने! दुकानदाराचा आग्रह की अख्ख्या घराला 710 मरीन प्लायच (आयएस 710 मानकाचा, पाण्यात टिकणारा) वापरा. हा प्लाय 72 तास उकळत्या पाण्याची टेस्ट पास होतो, म्हणजे सिंकखाली आणि ओट्याखाली त्याला पर्याय नाही, पण बेडरूमच्या कोरड्या भिंतीला लागलेल्या कपाटाला तो कशाला? तिथे साधा एमआर ग्रेड (फक्त दमटपणा सोसणारा) घेतला आणि खूप पैसे वाचले. एक नक्की करा, सुताराने कापायला घ्यायच्या आधी प्रत्येक शीटवरचा आयएसआयचा शिक्का बघा आणि त्यावरचा लायसन्स नंबर बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून चेक करा, कारण जास्त पैसे मोजूनही तोच माल आलाय का हे नंतर सनमायका लागल्यावर कोणालाच कळत नाही.

पंख्यांना फोडाफोडीचा प्रश्न नाही, तिथे हिशोब तासांचा. साधा पंखा साधारण 75 वॅट, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास, रोज 12 तास चालला तर वर्षाला जवळपास 197 युनिट वाचतात, 9 रुपये युनिट धरलं तरी पावणेदोन हजार, म्हणजे जास्तीचे पैसे साधारण वर्षभरात वसूल. म्हणून हॉल आणि बेडरूमला बीएलडीसी, पाहुण्यांच्या खोलीत जुनाच पंखा पुसून परत लावला. कपाटांची हँडल्स पण अगदी साधी घेतली, दोन स्क्रू काढले की कधीही बदलता येतात.