खांबावरचं साल

कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला. घाटात तेव्हा रेल्वे नव्हती. पुण्याला जाणारी माणसं खोपोलीला उतरायची आणि पालखीत नाहीतर तट्टावर बसून बोरघाट चढायची. या मार्गावरच्या एका लहान स्टेशनाची इमारत सुरुवातीला कशी दिसत असेल, त्याची चित्रं काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. जुन्या इमारतींची दुरुस्ती हाच माझा पेशा.

काळ्या दगडाची भिंत, फलाटावर उतरलेलं छप्पर, त्याला लोखंडी खांब, वर मंगलोरी कौलं. मी सगळं मोजून घेतलं आणि छपरासकट ‘१८५६’ म्हणून काढलं.

त्या दिवशी मिस्त्रीकाका एका खांबाचा रंग खरवडत होते. वर चॉकलेटी, त्याखाली पिवळा, मग राखाडी, तळाशी गंज धरू नये म्हणून लावतात तो शेंदरी. एक जाड पापुद्रा निघाला आणि त्यांचा हात थांबला.

“ताई, जरा इकडं या. अक्षरं हायेत.”

खांब म्हणजे उभा केलेला जुना रूळच होता. रूळ लाटतानाच त्याच्या मधल्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल उठावात येतं. हे मला ठाऊक होतं, पण इथे शोधावं असं सुचलं नव्हतं. मी बोट फिरवलं. एक, आठ, नऊ. शेवटचा आकडा गंजाने खाल्ला होता. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली, तेव्हा चार उमटला. १८९४!

म्हणजे हा रूळ आधी गाड्यांखाली झिजला असणार आणि निकामी झाल्यावर खांब म्हणून इथे आला असणार. त्या छपराचा १८५६शी काही संबंध नव्हता. कौलांचंही तेच. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ साली. त्याआधीच्या छपरावर मी ती कौलं चढवली होती, कारण कोकणातलं स्टेशन म्हटलं की डोळ्यांसमोर तीच येतात. मला फार वाईट वाटलं. मी काढलेलं चित्र पुढे लोकांनी खरं म्हणूनच पाहिलं असतं.

एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरून मिळालेला जुना फोटो पुन्हा काढला. त्यावर तारीख नाही, पण मोजपट्टी आहे: रूळ. दोन रुळांमधलं अंतर १८५३पासून आजतागायत साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्या मापाने पाहिलं, तर फोटोतला फलाट रुळांपेक्षा जेमतेम दीड वीत उंच निघाला. मी तो आजच्याइतका उंच काढला होता.

दुपारी काका शिडी लावून छताच्या फळ्यांमागे शिरले. टॉर्चच्या उजेडात भिंतीवर चुन्याची आडवी रेघ दिसली, आजच्या छपराच्या दोन फूट खाली. रेघेखाली विटांनी बुजवलेली चौकोनी भोकं ओळीने होती, जुन्या छपराची लाकडं भिंतीत शिरायची ती. कोपऱ्यातल्या आडभिंतीवर तीच रेघ तिरकी उतरली होती, त्यामुळे जुन्या छपराचा उतारही हाती लागला.

“पडवी व्हती हितं,” काका वरून म्हणाले. “आमच्या घराला हाय तशीच.”

संध्याकाळी लोखंडी खांब पुसले आणि पडवी काढली, नळीच्या गावठी कौलांची. तिचे लाकडी खांब मात्र तुटक रेषेने ठेवलेत, कारण त्यांचा पुरावा अजून हाती नाही. पुढच्या आठवड्यात फलाटाची फरशी उचलणार आहेत. खाली त्यांच्या तळखड्याचे दगड सापडतात का ते बघायचंय.