भंडाऱ्याचं ताट

रविवारी गावाला जाऊन ग्रामपंचायतीचं मतदान करून आलो, आज बुधवार, रात्रीचे साडेबारा वाजलेत आणि ते ताट अजून डोक्यातनं जात नाहीये.

शनिवारी रात्री जेवणं आटपली तेवढ्यात तात्या आले. बरोबर पॅनेलची चार-पाच पोरं. प्रचार संपलेला होता, म्हणजे कागदोपत्री. तात्यांच्या हातात स्टीलचं ताट, त्यात बेलाची पानं आणि भंडाऱ्याचा हा एवढा ढीग. पान उचललं की खंडोबाची शपथ झाली, मत त्यांच्याच पॅनेलला. आईने पदर डोक्यावर घेतला, पान उचललं, भंडारा कपाळाला लावला आणि म्हणाली, "तुमच्याशिवाय कोणाय." दहा सेकंदांचं काम. मग ताट माझ्यापुढे आलं. मीही उचललं.

मी! घरात देव्हारा नाही म्हणून गेली बारा वर्षं सासूबाईंचं ऐकून घेणारा मी, आमदार फंडातनं मंदिरांना सभामंडप कशाला म्हणून शाळेच्या ग्रुपवर अर्धा अर्धा तास भांडणारा मी. तात्या काही दमदाटी करत नव्हते हो, उलट "चहा नको वहिनी, अजून तीस घरं राहिलीत" म्हणत होते. पान परत ताटात ठेवताना एक पोरगा माझ्या बोटांकडे बघत होता. नीट बघत होता, सोसायटीची सही घेताना बघतात तसा.

परत येताना एसटीत मोबाईलवर कायदा काढून वाचला. (राग आला की मी कायदे वाचतो, घरच्यांना माहितीये.) तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२३ मध्ये चक्क लिहिलंय, की तुझ्यावर देवाचा कोप होईल असं मतदाराच्या मनात भरवणं हा मतदानावरचा गैरवाजवी दबाव, म्हणजे भ्रष्ट आचार. तो लोकसभा-विधानसभेचा झाला, पण फौजदारी कायद्यातही हेच आहे, १९२० साली इंग्रजांनी पीनल कोडात १७१ सी म्हणून घातलं, आता न्याय संहितेत कलम १७१, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कुणी एक गोरा साहेब टेबलाशी बसला होता आणि त्याला आमचे तात्या दिसले होते.

पण त्याला मी दिसलो नव्हतो. कारण मला कोपाची भीती वाटलीच नाही. भीती होती ती त्या पोरांसमोर 'नाही' म्हणायची. आणि मी नाही म्हटलं असतं तर "हा देव मानत नाही" असं कुणीच म्हटलं नसतं, "ह्याचं मत तिकडं आहे" असं म्हटलं असतं, आणि मी पुण्याला निघून आल्यावर आईला तिथंच राहायचंय, बोअरचं पाणी तात्यांच्या शेतातनं येतं. मशीनला कुणी हात लावला नाही, बूथ कुणी ताब्यात घेतला नाही, गुप्त मतदान आदल्या रात्री आमच्या ओट्यावरच उरकून गेलं.

२०२० च्या डिसेंबरात नाशिककडच्या उमराण्यात सरपंचपदाचा लिलाव झाला होता, २ कोटी ५ लाखांची बोली, पैसे मंदिराच्या बांधकामाला. तेव्हा ऑफिसात डबा खाताना आम्ही किती हसलो होतो! पुढच्या महिन्यात आयोगाने तिथली निवडणूक रद्द केली, नंदुरबारच्या खोंडामळीचीपण. लिलावाला निदान आकडा असतो, दाखवता येतो. बेलाचं पान कोणत्या कागदाला जोडून तक्रार करणार? आणि तक्रारीत नाव कुणाचं घालू, आईचं?

बरं, खरी गोष्ट अजून लिहिलीच नाहीये. बूथ आमच्या चौथीच्या वर्गात होता. सरपंचाचं एक मत, वॉर्डाची तीन. सरपंचाला त्या अपक्ष बाई हे माझं पक्कं होतं, ग्रामसभेत टाकीच्या पाइपलाइनचा हिशेब मागणाऱ्या त्या एकट्याच. पुठ्ठ्याच्या आड मी एकटा, समोर त्यांची शिट्टी, वर तात्यांच्या पॅनेलची कपबशी, आणि मी कपबशी दाबली. चारही कपबशी. पॅनेल टू पॅनेल. बाहेर आलो तर शाईच्या बोटावर नखात अजून थोडं पिवळं होतं.

का दाबली? शब्द दिला होता म्हणून? देवाला मी मानत नाही तर शब्द दिला कुणाला? बाबा असते तर त्यांनी... जाऊ दे.

सोमवारी निकाल लागला, बाई अकरा मतांनी पडल्या. माझं मत तिकडनं काढून इकडे टाकलं तरी नऊ उरतात. चारदा मोजलं मी.

आज न राहवून आईला फोन केला, सगळं सांगून टाकलं. ती आधी गप्प, मग जी हसायला लागली. म्हणाली, अरे शुक्रवारी ते दुसरे पण येऊन गेले ताट घेऊन, त्यांचा पण उचलला की मी.

"दोन्हीकडचा?"

"मग? खंडोबाला दोन बायका सांभाळता येतात, मला दोन पॅनेलं सांभाळता येणार नाहीत होय?"

"आणि देव कोपला म्हणजे?"

"माझ्यावर कशाला कोपेल? मी बोलवायला गेले होते का ताट? ज्यांनी दारोदार फिरवला त्याला, त्यांचं त्यांनी बघावं."

मग मत कुणाला दिलंस विचारलं, तर म्हणे, "ते गुप्त असतं ना रे? तूच सांगायचास." आणि परत हसली. म्हणजे बारा वर्षं देव न मानणाऱ्याने शपथ पाळली आणि जिच्या घरात रोज दिवा लागतो तिने... काय केलं ते कळायला मार्ग नाही. शिट्टी दाबली असेल तर? मला आता उगाच वाटतंय की दाबलीच असणार. विचारायची सोय नाही.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, चंपाषष्ठीला यायचंय, तळी उचलायला पाच जण लागतात, चार झालेत, पाचवा तू.

"चौघं कोण कोण?"

"तात्या आहेत की."

बरं म्हटलं.