ऑर्डर ऐकू आली पाहिजे

खाद्य महोत्सवाचं साउंडचं काम घेतलं की मी आधी चुली कुठं लागणार ते विचारतो. संयोजक चक्रावतात. त्यांच्या डोक्यात खाणं एकीकडं आणि गाणं दुसरीकडं असतं, आणि दोघांची ठेकेदारी वेगळी. मैदान मात्र एकच असतं, हवा एकच असते. हे मला ज्या दिवशी पुरतं कळलं, त्या दिवसाबद्दल लिहितोय.

हिवाळ्यातला रविवार. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं गांधी मैदान. सकाळी दहा ते रात्री दहा, खाणं आणि संगीत. आम्ही उजाडताच टेम्पो लावला तेव्हा मैदानावर दहिवर इतकं पडलेलं की केबलखाली प्लास्टिक अंथरावं लागलं. जमीन मुळातच ओलसर, शेजारच्या वेशीला अजून वरुणतीर्थ तळ्याचं नाव आहे. चारही बाजूंना घरं, गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे. साउंडवाल्यानं अशा ठिकाणी पहिल्यांदा घरं बघायची. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. जिथं लाउडस्पीकर वाजतोय त्या जागेच्या हद्दीवर त्याहून फार तर दहा जास्त, म्हणजे ६५. आणि रात्री दहानंतर बंद.

स्टेजची जागा संयोजकांनी आधीच ठरवलेली. मैदानाच्या एका टोकाला स्टेज, दोन्ही बाजूंना बॉक्सचे उंच मनोरे, आणि त्यांच्या थेट तोंडासमोर स्टॉलच्या रांगा. मिसळ, दावणगिरी लोणी डोसा, भेळ, वडा-कोंबडा, काकवी आणि गुळाच्या ढेपा, आजरा घनसाळचा भात. मटणाचे स्टॉल पहिल्याच रांगेत, कारण गर्दी तिथंच होणार. एका कोपऱ्यात करवीर तालुक्यातल्या एका बचत गटाला चुलीची परवानगी मिळालेली. वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडं शेजारी ठेवायचं, या अटीवर. बाकी सगळ्यांना गॅस.

अकराला ऑर्केस्ट्रा सुरू झाला. बारापर्यंत मैदान भरलं. समितीतले एक जण दर दहा मिनिटांनी माझ्या टेबलाशी येत होते.

"वाढवा की जरा. मागं लाइव्ह वाटंना झालंय."

मागं म्हणजे साठेक मीटरवर. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलनं उतरतो. भिंती नाहीत, छत नाही, आवाजाला परत पाठवणारं काहीच नाही. मग शेवटच्या रांगेला बरं वाटावं म्हणून मनोरे वाढवले की पहिली रांग भाजून निघते. मी आवाज मोजायचा मीटर घेऊन मटणाच्या स्टॉलपाशी गेलो, नव्वद डेसिबलच्या वर दाखवत होता. दोन माणसं हातभर अंतरावर साधं बोलतात ते साठच्या आसपास. म्हणजे तिथं काउंटरवर कोणी काही मागितलं तर ऐकू येणं अशक्यच. बघतो तर लोक बोटांनी ऑर्डर देत होते.

तेवढ्यात त्या चुलीवरच्या काकी हात पुसत आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, कपाळावर घाम.

"दादा, गिऱ्हाईक तांबडा म्हणतंय का पांढरा म्हणतंय, कळंना. पण ते जाऊ दे. माझा रस्सा मला ऐकू येईना."

मला आधी कळलं नाही. त्यांनी मला चुलीपाशी नेलं. मोठ्या पातेल्यात पांढरा रस्सा होता. मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, काजू-खसखशीचं वाटण, तुपात खड्या मसाल्याची फोडणी. हळद नाही, तिखटाची पूड नाही. याची सगळी गंमत आणि सगळी भीती नारळाच्या दुधात असते. खळखळून उकळी आली की दूध फुटतं, वर तेल आणि खाली चोथा. म्हणून बारीक आचेवर सारखं हलवत राहायचं.

"घरात पाठ फिरवून भाकरी थापत असलो तरी पातेल्यातला आवाज बदलला की कळतंय," त्या म्हणाल्या. "बारीक बुडबुडतंय तोवर बरं. जरा जाड आवाज आला की लाकूड ओढायचं. हितं काय ऐकाय येतंय? सारखं झाकण उघडून बघायलोय. आणि झाकण उघडं राहिलं की धुरळा."

इतकी वर्षं या धंद्यात आहे, कलाकारांच्या, वक्त्यांच्या, शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या आहेत. स्वयंपाक करणारी बाई कानानं स्वयंपाक करते आणि आपण तिचे कान बंद करतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. मला ती तक्रार फार मोलाची वाटली. नंतर मी भजीवाल्याला विचारलं, डोसेवाल्याला विचारलं. भजी झाली की तेलाची चरचर उतरते. डोशाचा तवा पाणी शिंपडल्यावर कसा वाजतो त्यावरून तापलेला कळतो. सगळे कानावर काम करत होते, आणि त्या दिवशी सगळे आंधळेपणानं.

दोन ते तीन ऑर्केस्ट्राची सुट्टी होती. मी समितीच्या त्या गृहस्थांना म्हटलं, मांडणी बदलू या. ते तयार नव्हते. मोठ्या बॉक्सचं भाडं दिलंय, ते बंद ठेवायचे कशाला? ते स्वतः ऊस लावणारे. त्यांना म्हटलं, साहेब, आत्ता आपण पाटाचं पाणी सोडलंय, वरच्या सरीत तळं आणि खालची कोरडी. ठिबक करू या. थोडं थोडं, जिथं पाहिजे तिथं. हे मात्र त्यांना एका वाक्यात पटलं.

टेम्पोत दुसऱ्या दिवशीच्या कामाचे आठ कॉलम स्पीकर होते. ते उतरवले. जेवायच्या बाकांच्या मधोमध बांबूला, डोक्याच्या वर थोड्या उंचीवर बांधले, तोंडं बाकांकडं आणि पाठी स्टॉलकडं. मनोरे स्टेजपुढच्या खुर्च्यांपुरते ठेवले. बेसचे बॉक्स जवळपास बंदच केले. पत्र्याचे स्टॉल हादरवण्यापलीकडं त्यांचा दिवसा काही उपयोग नव्हता.

यातलं कष्टाचं काम डिलेचं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्टेजपासून चौतीस मीटरवरच्या बाकाशी गाणं पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, पण तारेतून शेजारच्या कॉलमला ते तत्क्षणी मिळतं. दोन्ही सोडून दिले तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि गाण्याचा चिखल होतो. म्हणून प्रत्येक जोडीला तिच्या अंतराइतकं थांबवून ठेवायचं. टेप लावून अंतरं मोजली, मग एका पोराला स्टेजवर टिपऱ्या वाजवायला उभं केलं आणि मी बाकाबाकावर बसून ऐकत गेलो. दोन ठोके मिळून एक झाला की पुढचं बाक. जेवणारे बघत होते. एका आजोबांनी तर डोळे मिटून "आता झालं बघ एक" असं मला सांगितलं, आणि बरोबर सांगितलं.

तीननंतर मटणाच्या काउंटरवर मीटर सत्तरच्या आतबाहेर होता. मागच्या बाकांना पहिल्यापेक्षा स्वच्छ ऐकू येत होतं. काकींनी लांबूनच हात वर केला.

संध्याकाळी पाचला एका तरुण शास्त्रीय गायिकेचा कार्यक्रम होता. वीसच मिनिटं दिलेली. पत्रिकेत तिचं नाव बारीक अक्षरात आणि प्रायोजकांचं मोठ्या. खाण्याच्या मेळ्यात ख्याल कोण ऐकणार, असं समितीत उघड बोललं जात होतं. मला याचं वाईट वाटलं. ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात ठेवलं ते याच गावात. त्यांची जयपूर-अत्रौली गायकी इथं रुजली, वाढली. १९१५ साली महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं तेव्हा रस्त्यावर उभं राहून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. अशा गावाला कान नाहीत असं मी कसं मानू?

तिनं भीमपलास राग घेतला. मी तानपुरा तिच्या आवाजाच्या किंचित खाली ठेवला, तबल्याचा बायाँ कॉलममधून कमी केला आणि बाकी हात लावला नाही. मैदान शांत वगैरे झालं नाही. मुलं पळत होती, भेळवाला पातेल्यात डाव आपटत होता, कोणी तरी फोनवर "मिसळीच्या इथं ये" म्हणत होतं. पण तिचा निषाद शेवटच्या बाकापर्यंत सरळ जात होता. कटात ब्रेड बुडवणारा एक जण तसाच थांबून ऐकताना दिसला. वीस मिनिटं झाली तेव्हा समितीच्या त्याच गृहस्थांनी मला हातानं खूण केली, चालू दे. ती पस्तीस मिनिटं गायली.

अंधार पडला आणि दहिवर पुन्हा उतरायला लागलं. सातला हलगी-घुमकं-कैताळाचं पथक होतं. पेठेतलीच पोरं, कुस्तीच्या मैदानांत वाजवणारी. हल्ली बरेच जण प्लास्टिकची हलगी घेतात, ती ओलाव्याला भीत नाही. यांच्या हलग्या चामड्याच्या होत्या. त्यांचा आवाज कडक आणि तरी भरलेला असतो, प्लास्टिकला तो येत नाही असं माझं ठाम मत आहे. पण चामडं ओल धरतं आणि सैल पडतं. त्यातला म्होरक्या माझ्याकडं आला आणि टिपरू मारून दाखवलं. थप् असा बसका आवाज.

"उतरल्यात सगळ्या. शेकाय पाहिजेत. मंडपाजवळ जाळ करू देईनात."

करू देणार नाहीतच, आणि ते योग्यच होतं. कापडी मंडप, खाली केबलचं जाळं. मी त्यांना घेऊन काकींच्या कोपऱ्यात गेलो. पांढऱ्या रश्शाला जाळ चालत नाही म्हणून त्यांनी दिवसभर लाकडं बाहेर ओढली होती, आणि चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांचा मोठा ढीग झाला होता.

"काकी, हलग्या शेकायच्यात."

"शेका की. त्यासनी काय भाडं हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी उलथन्यानं निखारे पसरून दिले. "पण माझ्या पातेल्यावर राख उडवू नका."

पोरं उकिडवी बसली. हलगी निखाऱ्यांवर आडवी धरायची, फिरवत राहायची, मधूनच बोटानं टिचकी मारून ऐकायचं. फार तापली तर चामडं तडकतं. त्यालाही कानच लागतात. काकी एकीकडं पातेलं ऐकत होत्या, पोरं दुसरीकडं चामडं ऐकत होती. थप् चं तड् होत गेलं. पहिली हलगी चढली तसं म्होरक्यानं तिथंच उभं राहून तोडा वाजवला, दुसऱ्यानं उचलला, घुमकं आलं, कैताळ आला, आणि कार्यक्रम स्टेजऐवजी चुलीपाशीच सुरू झाला.

मी टेबलाकडं पळालो आणि सगळे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या, खाली ओढले. हलगीला माइक लागत नाही. ती उघड्यावर वाजवण्यासाठीच आहे. पथक स्टॉलच्या रांगांमधून फिरलं, लोक हातात ताटल्या घेऊन मागं निघाले. आवाज मोठा होताच, पण तो एका जागी बसून कोणाच्या कानावर चढत नव्हता, प्रत्येक स्टॉलपुढं येऊन पुढं जात होता. मी काकींकडं बघितलं.

"आता हू दे मोठं," त्या ओरडल्या. "रस्सा उतरलाय!"

शेवटी शाहिरांचा पोवाडा होता. डफ, तुणतुणं, मागं झीलकरी. पोवाड्यात शब्द गेला की सगळं गेलं, म्हणून इथं मी शब्दावरच काम केलं. आणखी एक गोष्ट रात्री सांभाळावी लागते. दिवसा तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो, घरांपर्यंत कमी जातो. रात्री जमीन निवते, थंड हवा खाली बसते आणि तोच आवाज खाली वळून लांबवर पोचतो. दुपारी वेशीपलीकडं न जाणारं गाणं रात्री तिथं खिडकीत येतं. मी कॉलम आणखी चार डेसिबल उतरवले आणि मीटर घेऊन हद्दीवर चालत गेलो. बासष्ट. वरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं शाली पांघरून ऐकत बसली होती. एका वहिनींनी वरून विचारलं, "संपलं काय?" म्हटलं, अजून दहा मिनिटं आहे. "मग हाय की," म्हणाल्या आणि परत बसल्या.

दहाला पाच कमी असताना बंद केलं. केबल गुंडाळत असताना समितीचे गृहस्थ आले. पुढच्या वर्षाचा नकाशा आत्ताच काढून द्या म्हणाले, नंतर कोणी विचारत नाही. कूपनच्या पुस्तकाच्या पाठीमागं मी मैदान काढलं. स्टेज मधल्या लांब बाजूला, कॉलम बाकांवर, जनरेटर लांबच्या कोपऱ्यात, चुलीची रांग स्टेजच्या उजव्या हाताला आणि तिच्याशेजारी हलगी शेकायला एक मोठी शेगडी.

काकी पातेली घासून टेम्पोची वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी नकाशा माझ्या हातातून घेतला, ट्यूबलाइटखाली धरला.

"चूल कुठनं काढलासा ही?"

मी बोट दाखवलं.

"सांजचं वारं रंकाळ्याकडनं येतंय. सगळा धूर त्या गाणाऱ्या पोरीच्या तोंडात जाईल."

त्यांनी माझं पेन घेतलं, चुलीची रांग खोडली आणि स्टेजच्या पलीकडं, वारं जाईल त्या बाजूला, नवी काढली. शेगडीही तिकडंच नेली. समितीच्या गृहस्थांनी त्यावर तारीख घातली, आणि ते पान त्यांच्या फायलीत गेलं.