शिंपी, खेचरं आणि प्रेस्कॉटचं महापौरपद

ॲरिझोनातल्या प्रेस्कॉट गावाने १८८५ साली ज्याला महापौर केलं, तो मायकेल गोल्डवॉटर मूळचा शिंपी. जन्म १८२१, रशियाच्या अमलाखालच्या पोलंडमधलं कोनिन गाव, ज्यू कुटुंब. तरुणपणी पॅरिसला जाऊन त्याने कपडे शिवले, १८४८ च्या क्रांतीत तिथलं बस्तान उठल्यावर लंडन गाठलं, साराशी लग्न केलं आणि १८५२ मध्ये धाकट्या भावाबरोबर, जोसेफबरोबर, कॅलिफोर्नियाची वाट धरली. सोनोरा या खाणगावातलं मद्यालय बुडालं. लॉस एंजेलिसच्या दुकानाचंही दिवाळं निघालं.

मग १८६२ मध्ये कोलोरॅडो नदीकाठी ला पाझला सोनं सापडल्याची बातमी आली आणि तो गाडीत माल भरून तिकडे निघाला.

ला पाझला नदीपासून जरा दूर गेलं की पाणी नाही. त्यामुळे खाणकामगार माती धूत नसत, धान्य उफणावं तशी वाऱ्यावर उफणत. सोन्याबरोबर काळी लोखंडी वाळू उरायची. दुकानदाराला सोन्याची पूड तोलून पैसे द्यावे लागत, म्हणून तराजूआधी लोहचुंबक फिरवायचं, वाळू ओढून घ्यायची, उरलेल्यावर हलकी फुंकर मारायची. यात जरा ढिलाई झाली की सोन्याच्या भावात वाळू पदरात पडते. उलट फार कसून वागलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

पण खरा धंदा वाहतुकीचा होता. माल सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने बाहा कॅलिफोर्निया या मेक्सिकोच्या द्वीपकल्पाला वळसा घालून नदीच्या मुखाशी यायचा, तिथून उथळ बुडाच्या आगबोटीने वर ला पाझला, आणि पुढे खेचरांच्या गाड्यांनी डोंगरात. लष्करी नियमाप्रमाणे एका खेचराला दिवसाला ९ पौंड धान्य आणि १४ पौंड वाळका चारा लागे. १२ खेचरं जुंपली तर १०८ पौंड धान्य रोज, दहा दिवसांच्या वाटेला हजार पौंडांहून जास्त. वाटेत चारा मिळाला नाही तर गाडीतली तेवढी जागा जनावरंच खातात. डोंगरातल्या गावांत पीठ महाग का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. गाडीवान चाकाजवळच्या डाव्या खेचरावर बसे, त्याच्या हातातली एकच दोरी थेट पुढच्या डाव्या खेचराच्या लगामाला. सलग ओढली की डावीकडे, झटके दिले की उजवीकडे.

गोल्डवॉटर बंधूंनी लष्करी ठाण्यांना धान्य पुरवण्याचे ठेके घेतले. हा व्यापार ज्या प्रदेशातून चालला तो यावापाई या तिथल्या मूळनिवासी लोकांचा होता, खाणवाले आणि सैनिक त्यांना तिथून हुसकावत होते. १८७२ मध्ये प्रेस्कॉटहून परतताना दोघा भावांवर हल्ला झाला आणि जोसेफला गोळ्या लागल्या. बरोबर डॉक्टर होता, त्यामुळे तो वाचला. दरम्यान नदीने पात्र बदललं, ला पाझ कोरडं पडलं आणि दुकान खालच्या अंगाला एरेनबर्गला हललं. फिनिक्समध्ये काढलेली शाखा टिकली नाही. १८७६ मध्ये ते प्रेस्कॉटला आले.

अशा गावात दुकानदार निवडून येतो यात मला नवल वाटत नाही. बँका विरळ, म्हणून उधारीची वही त्याच्याकडे. कुणाची पत किती, कोण हंगामानंतर फेडतो, कोण रातोरात गाव सोडतो, हे त्याला ठाऊक. शिवाय गावचा रस्ता चिखलात गेला तर पहिलं नुकसान त्याच्याच गाड्यांचं.

तरीही महापौरपद मायकेलला मानवलं नाही. दुकानात त्याचा शब्द शेवटचा, नगरपालिकेत प्रत्येक खर्चाला सभासदांची मतं लागत. खटके उडाले, मुदत पुरी होण्याआधीच त्याने राजीनामा दिला आणि तो सॅन फ्रान्सिस्कोला कुटुंबाकडे गेला. १९०३ मध्ये तिथेच वारला.

मला या घराण्यातला खरा स्थानिक राजकारणी वाटतो तो थोरला मुलगा मॉरिस. लंडनमध्ये जन्मलेला, तारयंत्र शिकलेला. फिनिक्सच्या दुकानात त्याने लष्कराच्या तारेसाठी जागा दिली, तार चालवण्याचं कामही फुकट केलं, आणि बातमी दुकानातूनच गावात जाऊ लागली. प्रेस्कॉटचा तो वेगवेगळ्या काळात मिळून वीसहून जास्त वर्षं महापौर राहिला, आणि १९१० मध्ये ॲरिझोनाची राज्यघटना लिहिणाऱ्या सभेचा उपाध्यक्ष झाला. १९६४ ची अध्यक्षीय निवडणूक लढवणारा बॅरी गोल्डवॉटर हा त्याचा पुतण्या.