धुळे ते तोरणमाळ सायकलने : तंबूपेक्षा अंथरुणाची काळजी करा

खानदेशात हिवाळ्यात सायकलवर मुक्काम करत फिरायचं तर तंबू कोणता घ्यावा यावर लोक फार डोकं घालवतात. पाऊस नाही, वारा बेताचा, तंबूला तसं काम कमीच. सगळा त्रास खालून येतो. सराटे, बाभळीचे काटे, कपाशी उपटून झाल्यावर राहिलेले खुंट, काळ्या मातीची दगडासारखी ढेकळं, आणि पहाटे जमिनीतून वर चढणारा गारठा. म्हणून हा वृत्तांत रस्त्यापेक्षा मॅटबद्दल जास्त आहे. रस्ता काय, कोणालाही विचारता येतो.

डिसेंबर संपता संपता मी आणि मामेभाऊ निघालो. धुळ्याहून दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा, तिथून म्हसावद, राणीपूर आणि वर तोरणमाळ. उतरल्यावर प्रकाशा करून नंदुरबार. माझ्याकडे घडीची फोमची मॅट होती, जाडी दोन सेंटीमीटर. भावाकडे हवा भरायची, चांगली जाडजूड, गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी. दुकानात दोन्हींवर पडून बघितलं तर कोणीही त्याचीच घेईल.

पहिला मुक्काम तापीच्या अलीकडे एका शिवारात. सायकली ढकलत बांधावरून येताना पाहून एक बाबा थांबले, ‘कथा चालनात भाऊ?’ तोरणमाळ म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे आणि मग सायकलींकडे नीट पाहून घेतलं आणि खळ्यात झोपायला सांगितलं. मुक्कामासाठी खळ्यासारखी जागा नाही. सपाट, झाडलेली, चोपून घट्ट केलेली, खुंट नाहीत. पडीत रान दिसायला मोकळं असतं, पण तिथेच सराटे असतात. आणि शेतात तंबू टाकायचाच असेल तर एक नक्की विचारा : आज रात्री लाईट आहे का? शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी रात्रपाळीने येते, आणि मग गव्हाला, हरभऱ्याला रात्रीच पाणी भरतात. चारीच्या खालच्या अंगाला झोपलात तर पाणी तुमच्यापर्यंत येणार. उसाला आणि केळीला खेटूनही झोपू नका, शहादा-तळोद्याकडे बिबट्या आहे.

खळं स्वच्छ असूनही भावाची मॅट मध्यरात्रीच्या सुमारास बसली. काटा जमिनीत नव्हता, चपलेच्या तळव्यातून तंबूत आला होता. सराट्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येकाला टोकदार काटे. कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. सायकलची ट्यूब भोसकणारा हाच. माझ्या मॅटमध्येही सकाळी दोन सापडले, नखाने उपटले आणि विषय संपला. बंद पेशींच्या, म्हणजे आत हवेचे बारीक बंद कप्पे असलेल्या, फोमचा हा सगळ्यात मोठा गुण : भोक पडलं तरी त्याला फरक पडत नाही.

भोक सापडायला हौद बरा. मॅट फुगवून एकेक पट्टा पाण्यात दाबायचा, बुडबुडे दिसतील तिथे पेनाने खूण करायची. हौद नसेल तर साबणाचं पाणी पुसायचं. मग पूर्ण वाळवून, स्पिरिटने पुसून, मॅटसोबत आलेला पॅच लावायचा. ट्यूबचं सोल्यूशन आणि रबरी पॅच इथे भरवशाचे नाहीत. ते रबरासाठी असतात, मॅटच्या कापडाला नीट धरत नाहीत. पॅच चिकटायला लागणारा वेळ पाकिटावर लिहिलेला असतो, तेवढा द्या. आणि हो, पहाटे मॅट मऊ लागली म्हणजे पंक्चरच असं नाही. संध्याकाळी ३० अंशांच्या हवेत फुगवली आणि पहाटे पारा १० च्या खाली गेला, तर आतली हवा आकसते. झोपण्याआधी दोन फुंका जास्त मारल्या की भागतं.

उलटं प्रकरण दुपारचं. जेवायला थांबलो की मॅट उन्हात वाळत घालायची सवय असते. हवेची किंवा आपोआप फुगणारी (आत स्पंज असलेली, झडप उघडली की स्वतःच हवा ओढणारी) मॅट झडप बंद करून उन्हात टाकू नका. आतली हवा फुगते, आतला डिंक सुटतो आणि मधोमध बेडकासारखा फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही. इकडे जानेवारीतही दुपारी ऊन चांगलं चटकतं, उन्हाळ्याचं तर बोलूच नका.

दुसऱ्या रात्री म्हसावदकडच्या रस्त्यावर एका ढाब्यावर मालकाने अंगणातल्या खाटा दिल्या. शेवभाजी इतकी तिखट की भाकरी आपोआप जास्त गेली. खाट मिळाली म्हणजे मॅट नको असं मात्र समजू नका. नवारीच्या खाटेखालून गार वारा थेट पाठीला लागतो. फोम टाकला तेव्हा कुठे डोळा लागला.

तोरणमाळचा घाट राणीपूरनंतर सुरू होतो. वळणं चढाची आहेत, शेवटी शेवटी आम्ही उतरून ढकलल्या, त्यात लाज नाही. वर समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या पुढे आहात, थंडी वेगळीच. यशवंत तलावाच्या आसपास मुक्काम करायचा तर आधी वनखात्याला विचारा, वाटेल तिथे तंबू ठोकू नका.

इथे मॅटची उब कळते. उब मोजायचा आकडा म्हणजे आर व्हॅल्यू. जितका मोठा, तितकी जमीन तुमची उष्णता कमी खेचते. चांगल्या घडीच्या फोमचा साधारण २ असतो. आत अस्तर नसलेल्या स्वस्त हवेच्या मॅटचा, कितीही जाड असली तरी, त्याहून कमी निघतो, कारण आतली हवा फिरत राहते. जाडी म्हणजे उब नव्हे. खरेदी करताना आकडा एएसटीएम एफ ३३४० या ठरलेल्या चाचणी पद्धतीने मोजलाय का बघा, म्हणजे दोन कंपन्यांची तुलना होते. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते. म्हणून तोरणमाळला माझा फोम खाली आडवा पसरला, म्हणजे दोघांच्याही पाठ-कमरेखाली आला. त्यावर भावाची मॅट त्याच्या बाजूला आणि माझ्या बाजूला गोधडी. पाय पॅनियरवर, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या पिशव्यांवर.

माझं मत विचाराल तर खानदेशासाठी फोम घ्याच. पाठीवर झोपणाऱ्याला तो पुरतो. कुशीवर झोपणाऱ्याला पुरत नाही, दिवसभर सायकल चालवल्यावर खुब्याचं हाड जमिनीला टेकतं आणि दर तासाला जाग येते. त्यांनी वर एक हवेची किंवा आपोआप फुगणारी मॅट न्यावी आणि खाली पातळ का होईना, फोम ठेवावा. वजन थोडं वाढतं, पण सायकलवर वजन कॅरिअर उचलतो, पाठ नाही. गिर्यारोहकांच्या वजनाच्या चर्चा आपल्याला लागू नाहीत.

फोम घेताना अंगठ्याने जोरात दाबून सोडा. खड्डा लगेच भरून आला तर ठीक, राहिला तर महिन्याभरात तो पापडासारखा होणार. योगाची मॅट चालत नाही, पातळ असते आणि जड. रुंदी नेहमीची ५१ सेंटीमीटर, कोपर बाहेर जातात. खांदे रुंद असतील तर ६४ ची बघा. गुंडाळीपेक्षा घडीची मॅट कॅरिअरवर लांबीने बसते, त्यामुळे अरुंद पुलावर ट्रकजवळून जाताना अडचण होत नाही.

सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची यात्रा भरते. बघण्यासारखी आहे, पण त्या दिवसांत शांत मुक्काम मिळणार नाही. परतताना नंदुरबारहून रेल्वे करणार असाल तर सायकल कोणत्या गाडीला घेतात ते पार्सल ऑफिसात आधी विचारा आणि वेळेच्या बरंच आधी पोहोचा. फोमची मॅट गिअरच्या बाजूने गुंडाळून सुतळीने आवळून बांधा. डिरेल्युअर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, वाकलं तर ते नंदुरबारात दुरुस्त होईल याचा भरवसा धरू नका.