बंद उभ्या धाग्याचे, लूप उरेब

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बाबांचा उजवा खांदा निखळला आणि तेव्हापासून तो हात छातीच्या वर जाईना. डोक्यातून घालायचे सदरे, बनियन सगळे कपाटात पडून राहिले. समोरून उघडणारा, पोटरीपर्यंत येणारा सुती रोब घरीच शिवावा असे मी ठरवले आणि जांभळी नाक्याच्या बाजारातून जाडसर सुती कापड आणले. अंग, बाह्या आणि गळपट्टी दोन संध्याकाळींत झाली. बंद आणि लूप यांनी मात्र पुढचा आठवडा खाल्ला, कारण पहिल्या खेपेला केलेले सगळे उसवावे लागले.

चूक काटकसरीतून झाली. बाह्यांचा आकार कापून उरलेले तिरके तुकडे टाकवेनात, म्हणून त्यांच्याच पट्ट्या जोडून मी बंद केले. उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडात ओढ उभ्या किंवा आडव्या धाग्यावर सरळ येत नाही, ती दोन्हींच्या मधून जाते. त्यामुळे धागे एकमेकांवर सरकतात आणि कापड लांबत जाऊन अरुंद होते. दोन धुण्यांत माझे बंद लोंबू लागले, आणि वर त्यांना असा पीळ बसला की इस्त्रीलाही तो दाद देईना. अंगाच्या कापडावर फारशी ओढ येतच नाही. रोज गाठ मारताना आणि सोडताना सगळा ताण बंदावर आणि तो जिथे शिवलेला असतो त्या दोन बोटे जागेवर येतो, हे मला तेव्हा उमगले.

दुसऱ्या खेपेला पट्ट्या काठाला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यावर कापल्या. बंद 2 सेंटिमीटर रुंद हवा असेल तर पट्टी 8 सेंटिमीटरची घ्यावी. दोन्ही कडा मधल्या रेषेपर्यंत दुमडून इस्त्री करावी, एक टोक आत वळवावे, मग पट्टी पुन्हा मधोमध दुमडून कडेने टीप घालावी. कापडाचे चार पदर होतात आणि उलटवण्याची कटकट उरत नाही. कापड आधी धुऊन घेतले नाही तर बंद आटतो आणि टीप मात्र आटत नाही, मग कडेला चुण्या पडतात. चार पदरांसाठी मी मशीनला 14 नंबरची सुई लावली. त्याआधीची बारीक सुई दुमडीवर टाके सोडत होती.

लांबीत कंजुषी करू नये. आखूड आणि जाड बंदाची सुरगाठ नीट बसत नाही. माणूस कंटाळून निरगाठ मारतो आणि रात्री ती दातांनी सोडवावी लागते. 35 सेंटिमीटर मला पुरेसे वाटले. सॅटिनचे बंद दिसतात सुरेख, पण त्यांची गाठ चालता चालता सुटते, साधे सुती कापड मात्र स्वतःलाच धरून राहते. तान्ह्या बाळाच्या झबल्याला आजही बटणांऐवजी बंद लावतात ते टोचू नयेत म्हणून, आणि सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वजधारी जी पांढरी बाराबंदी घालतात तिच्या नावातच बंदांचा हिशेब आहे.

रोबचा डावा पदर वर येतो, म्हणून आतल्या बंदांपैकी एक उजव्या पदराच्या कडेला आणि दुसरा डाव्या कुशीच्या शिवणीत, आतल्या बाजूने लावला. (मुघल काळी जाम्याचे, म्हणजे घेरदार अंगरख्याचे, बंद हिंदू डाव्या काखेखाली आणि मुसलमान उजव्या काखेखाली बांधत, त्यामुळे जुन्या चित्रांत बंदांची बाजू पाहूनही माणसाची ओळख पटते.) बंद शिवणीत घालताना त्याची किमान दीड सेंटिमीटर माया, म्हणजे टिपेपलीकडचे जादा कापड, आत जाऊ द्यावी, मागून कापडाचा लहान चौकोन ठेवावा आणि त्यावर चौकटीत फुली येईल अशी टीप मारावी. नुसती एक आडवी टीप असेल तर बंद शाबूत राहतो आणि रोबच फाटतो.

आधी वगळलेले उरेब तुकडे कामी आले ते छातीपाशी. तिथे बाबांना डाव्या हाताने एकट्याने लावता यावे म्हणून पोटली बटण, म्हणजे कापडाने मढवलेले गोल बटण, आणि लूप केले. लूपला बटणाभोवती वळायचे असते. उभ्या धाग्याची पट्टी वळणावर मोडते, उरेब पट्टी गोल वळते. 3 सेंटिमीटर रुंदीची पट्टी सुलट बाजू आत ठेवून दुमडली आणि दुमडीपासून 6 मिलिमीटरवर, पट्टी हलकीशी ताणून, बारीक टीप घातली. न ताणता घातलेली टीप उलटवताना तटतट तुटते, हे दोन पट्ट्या गमावून कळले. उरलेली माया कापून 5 मिलिमीटर ठेवली, कारण तीच आत जाऊन दोरीला गोलाई देते. मग दाभणात दुहेरी दोरा ओवून तो पट्टीच्या टोकाला पक्का केला आणि दाभण बोथट बाजूने आत सरकवली. पहिले बोटभर कापड आत जाईपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. एकदा ते गेले की बाकीची दोरी सापाने कात टाकावी तशी सुळकन उलटते.

कमरेचा पट्टा 4 सेंटिमीटर रुंदीचा आहे. तो ओवण्याचे दोन्ही लूप मात्र पुन्हा उभ्या धाग्याचे, पट्ट्याहून दीड सेंटिमीटर मोकळे ठेवले.

पावसात एक नवीनच गोष्ट लक्षात आली. नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत जुलैमध्ये रोब संध्याकाळपर्यंत वाळतो, पण चार पदरांचे बंद हाताला ओलसरच लागतात. त्यामुळे दोरीवर टाकताना ते आता मी वाऱ्याकडे मोकळे सोडते. खुंटीसाठी मानेपाशी, गळपट्टीच्या शिवणीत, 8 सेंटिमीटरचा एक मजबूत लूपही दिला आहे. बाबा मात्र रोब अजूनही दाराच्या कडीवर टाकतात.