बाटली उघडण्याआधीची पाच मिनिटे

आमच्या बिअरप्रेमींच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्याचा वृत्तान्त दरवर्षी कोणीतरी लिहून ठेवतो. स्वागत, जमाखर्च, नव्या सदस्यांची ओळख आणि पुढील वर्षाची कार्यकारिणी यांची नोंद त्यात व्यवस्थित असते, म्हणून त्या भागाविषयी मी येथे लिहिणार नाही. आतापर्यंत झालेल्या १३ मेळाव्यांपैकी एकही न चुकवलेले आम्ही तिघेच आहोत, आणि त्या तिघांपैकी एक या नात्याने मला लिहायचे आहे ते बाटली उघडण्याआधीच्या पाच मिनिटांविषयी.

आमची पद्धत अशी आहे. मेळाव्याच्या महिनाभर आधी चिठ्ठ्या टाकून १२ सदस्य निवडले जातात. त्या प्रत्येकाने वर्षभरात प्यायलेल्या बिअरपैकी एकच निवडायची, सर्वांना ५० मिलिलिटर मिळेल इतकी आणायची, आणि बाटली समोर ठेवून पाच मिनिटे बोलायचे. बोलणे संपेपर्यंत झाकण काढायचे नाही. पहिली दोन वर्षे आम्ही आधी ओतत होतो आणि मग बोलत होतो. परंतु ग्लास हाती आला की प्रत्येक जण आपापल्या जिभेत गुंततो आणि बोलणाऱ्याकडे कोणाचेही लक्ष राहत नाही, हे ध्यानात आल्यावर क्रम उलटा केला. दुसरा नियम असा की गुण द्यायचे नाहीत. दहापैकी नऊ म्हटल्याने ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. ही बिअर कोणी प्यावी, कोणत्या वेळी प्यावी आणि ती पिताना कशाकडे लक्ष द्यावे, एवढेच सांगायचे. गुणांच्या मागे लागले की जास्त मद्यार्काच्या काळ्या स्टाउट आणि हॉप्स या कडवट, सुगंधी फुलांचा मारा केलेल्या आयपीए जातीच्या बिअर दरवर्षी वर राहतात आणि साडेतीन टक्क्यांची एखादी नेटकी, सौम्य बिअर कोणाच्या तोंडीही येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या नियमाला खरा अर्थ दिला तो आमच्यातील सर्वांत वयोवृद्ध सदस्याने. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. तिसऱ्या मेळाव्यात त्यांची चिठ्ठी निघाली, तेव्हा इतरांनी कुठून कुठून मिळवलेल्या दुर्मीळ बाटल्या मांडल्या होत्या आणि काकांनी मात्र साधी पिल्सनर आणली होती. पुढच्या रांगेत थोडी कुजबुज झालेली मला आठवते. काकांनी कागद काढला नाही. १८३८ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातील पिल्झेन शहरात खराब निघालेल्या बिअरची ३६ पिंपे लोकांनी नगरभवनासमोर ओतून दिली, तेथून त्यांनी सुरुवात केली. शहराने नवी ब्रुअरी उभारली, बव्हेरियातून जोसेफ ग्रोल नावाचा कारागीर बोलावला, आणि त्याने तेथील मृदू पाणी, फिकट भाजलेला माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू), झाट्स गावचे हॉप्स आणि थंडीत सावकाश काम करणारे यीस्ट यांच्यातून ऑक्टोबर १८४२ मध्ये सोनेरी रंगाची बिअर केली, तीच पिल्सनर. एवढे सांगून ते थांबले आणि म्हणाले, ‘‘या बिअरमध्ये चूक लपवायला जागा नाही. बाकीच्या बाटल्या उघडण्याआधी जीभ कोठे उभी आहे, ते हिच्याकडून समजून घ्या.’’ मग त्यांनी झाकण काढले. त्या दिवशी मी पिल्सनर पहिल्यांदा लक्ष देऊन प्यायलो, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. त्यानंतर प्रत्येक मेळाव्यात पहिली बाटली पिल्सनरची असते, आणि ती चिठ्ठ्यांमध्ये धरली जात नाही.

मला नेहमी हलवून जाते ते याच जातीचे भाषण, म्हणजे ज्याला बोलण्याची सवय नाही अशा माणसाने एखाद्या बिअरची बाजू मांडण्यासाठी केलेले भाषण. सराईत वक्त्यांचे मला फारसे काही वाटत नाही. आमच्या एक सदस्या चार वर्षे शेवटच्या रांगेत बसत आणि आभारप्रदर्शनाच्या आधी निघून जात. पाचव्या वर्षी त्यांचे नाव निघाले आणि त्यांनी विटबिअर आणली, ती गव्हाची, ढगाळ, धण्यांचा आणि संत्र्याच्या सालीचा वास असलेली बेल्जियन बिअर. त्या पियर सेलिस यांच्याविषयी बोलल्या. हूगार्डन गावातली ही बिअर करणारी शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद पडली. तिच्या शेजारी राहणारे आणि तरुणपणी तेथे कामाला हात लावलेले सेलिस दूध विकत असत. ती चव गावातून गेली याची हुरहूर त्यांना लागून राहिली आणि १९६६ मध्ये त्यांनी स्वतःच ती बिअर पुन्हा करायला घेतली. आज जगभर जी विटबिअर प्यायली जाते, तिचा पुनर्जन्म त्या एका माणसाच्या आठवणीतून झाला. ‘‘त्यांनी शोध लावला नाही, त्यांनी फक्त विसरायचे नाकारले,’’ हे वाक्य म्हणताना त्या बाईंचा आवाज अडला, आणि उरलेली दोन मिनिटे त्या काहीही न बोलता बाटली हातात धरून उभ्या राहिल्या. घंटा वाजवणाऱ्याने घंटा वाजवली नाही. वेळेच्या बाबतीत एरवी कोणाचीही गय न करणाऱ्या आमच्या घंटावाल्यांचे त्या दिवसाचे ते औचित्य मी अजून विसरलेलो नाही.

बिघडलेल्या बाटलीची प्रथाही अशाच एका भाषणातून सुरू झाली. एका तरुण सदस्याने फार आवडीने निवडलेली हिरव्या बाटलीतली लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर, दोन आठवडे खिडकीत ठेवली होती. भाषण उत्तम झाले, झाकण उघडले आणि सगळ्या खोलीभर कुबट, नाक मुरडायला लावणारा वास पसरला. त्याचा चेहरा पडला. तेव्हा आमच्यातील रसायनशास्त्राच्या एका शिक्षकांनी उठून समजावून सांगितले की हॉप्समधील कडवट द्रव्ये उजेडाने फुटतात आणि त्यांच्यातून गंधकयुक्त संयुग तयार होते. ते लिटरमागे काही अब्जांश ग्रॅम इतके असले तरी माणसाच्या नाकाला कळते. तपकिरी काच हा उजेड बऱ्याच प्रमाणात अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. काकांनी तीच बिअर अंधारात ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीतून शेजारी ओतली आणि दोन्ही ग्लास सर्वांपुढे फिरवले. तेव्हापासून दरवर्षी एक बाटली मुद्दाम बिघडलेली ठेवतो. कधी डायअसेटिल नावाच्या द्रव्यामुळे लोण्याचा वास मारणारी, कधी हवा लागून ओल्या पुठ्ठ्यासारखी झालेली, कधी उकडलेल्या मक्याच्या वासाची. ती सादर करण्याचा मान त्याच तरुणाकडे आहे. आज तो आमच्यातला सर्वांत विश्वासू नाक समजला जातो, याचा मला अभिमान वाटतो.

आता थोडे मनाला लागलेले. ज्या वर्षी चिठ्ठीत नाव निघत नाही, त्या वर्षी काही सदस्य येतच नाहीत. ज्यांचे निघते त्यांतलेही काही जण आपली बाटली झाली की घड्याळ पाहू लागतात. नवव्या मेळाव्यात माझे नाव निघाले होते. मी बेल्जियममधल्या ओर्वाल मठाची बिअर आणली होती, एकाच बिअरच्या तीन वयांच्या बाटल्या: एक ताजी, एक वर्षभराची आणि एक तीन वर्षांची. या मठातली बिअर बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटॅनोमायसिस नावाचे रानटी यीस्ट घालतात, आणि बाटली बंद झाल्यावरही ते उरलेली साखर सावकाश खात राहते. त्यामुळे ताज्या बाटलीत हॉप्सचा कडवट, फुलासारखा वास पुढे असतो. वर्षभराने तो मागे सरतो आणि चामडे, वाळलेले गवत असे काही वर येते. तीन वर्षांची बाटली कोरडी, शांत, जवळजवळ वेगळीच बिअर होते. बिअर जिवंत असते, हे शंभर भाषणांनी पटणार नाही इतके या तीन ग्लासांनी पटते. त्या दिवशी ३१ पैकी ११ जण हजर होते. तीन वर्षे अंधाऱ्या कपाटात उभ्या ठेवलेल्या बाटल्यांसमोर मी वीस रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत बोललो. पुढे अनेकांनी ‘पुन्हा एकदा करा’ असे सांगितले. पुन्हा करायचे म्हणजे पुन्हा तीन वर्षे थांबायचे, हे त्यांच्या लक्षात आले होते की नाही, कोण जाणे. जे ११ जण आले होते, त्यांची नावे मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत.

याउलट २०२३ चा मेळावा. त्या वर्षी जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी बंद होत असल्याची बातमी आली. १९६५ मध्ये बुडण्याच्या बेतात असलेली ही ब्रुअरी फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने विकत घेतली होती, आणि अमेरिकेत पुढे लहान ब्रुअऱ्यांची जी लाट आली, तिचा उगम पुष्कळ जण तेथेच शोधतात. आमच्या एका सदस्याकडे तिच्या स्टीम बिअरची एकच बाटली उरली होती, ३५५ मिलिलिटरची. हजर होते २३ जण. आपली एकुलती एक बाटली घरी एकट्याने न उघडता तो ती घेऊन आला आणि पाच मिनिटे बोलला. लागरचे यीस्ट थंडाव्याऐवजी उबेत, उथळ आणि रुंद टाक्यांमध्ये आंबवून ही बिअर कशी होते, ते त्याने सांगितले. दुःखाचा एकही शब्द त्याने वापरला नाही, आणि म्हणूनच ते भाषण ऐकवत नव्हते. मग रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी मोजपात्र काढून प्रत्येकाच्या ग्लासात १५ मिलिलिटर ओतले. एक घोट. बाटली तिच्या वयामुळे थोडी थकलेली होती, पण तसे कोणीही म्हटले नाही. ती रिकामी बाटली आज मंडळाच्या कपाटात आहे.

ज्यांच्यामुळे हे सगळे होते, त्यांच्याविषयी लिहिताना कोणी राहून जाईल याची मला धास्ती वाटते. नावे छापू नयेत असे त्यांच्यापैकी कित्येकांनी कळवले आहे, म्हणून कामांवरून ओळखावे. ग्लास धुणारे ते दांपत्य, जे साबणाचा अंशही काचेवर राहू देत नाही, कारण तो राहिला तर फेस बसतो; त्यांच्या हाताखाली पालथे ग्लास टिपणारी दोन मुले, जी आता कॉलेजात गेली. तीन शीतकपाटे ५, ८ आणि १२ अंशांवर सांभाळणारे गृहस्थ, जे आदल्या रात्री दोनदा उठून तापमान पाहतात. तळाचा गाळ न हलवता बाटली ओतणाऱ्या ताई. त्यांच्यासारखा स्थिर हात मी दुसरा पाहिलेला नाही. घंटावाले. प्रत्येक भाषण वहीत उतरवून घेणाऱ्या आमच्या लेखनिक, ज्यांच्या सात वह्यांशिवाय हा लेख झालाच नसता. घोटाघोटांमध्ये साधे पाणी फिरवणारे दोघे. स्वतः थेंबही न घेता रात्री सगळ्यांना घरोघरी सोडणारे चार चालक, ज्यांच्यासाठी मंडळाने भाषणाचा हक्क चिठ्ठीशिवाय राखून ठेवला आहे आणि ज्यांच्यापैकी एकानेच आजवर तो वापरला. खुर्च्या आणणारे आणि, त्याहून महत्त्वाचे, नेणारे. पहिल्या वर्षी ४० ग्लास उसने देऊन ते परत न मागणाऱ्या शेजारीणबाई. चिठ्ठ्या काढणारी दरवर्षीची लहान मुले. वास अडवणारे अत्तर लावून येऊ नये ही सूचना दारात उभे राहून, कोणालाही न दुखवता देणारे आमचे माजी कार्याध्यक्ष. आणि आडनावावरून दोघांची नेहमी गल्लत होते ते पत्रे पाठवणारे सदस्य, ते दोघेही. कोणी सुटले असेल तर दोष माझा, वह्यांचा नाही.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतरच्या मेळाव्यात पिल्सनरविषयी कोणी बोलायचे हे ठरले नव्हते, म्हणून लेखनिकांनी तिसऱ्या वर्षीच्या वहीतून त्यांचेच बोलणे वाचले आणि ताईंनी ओतले. एक ग्लास जास्त भरला गेला होता. तो चुकून की जाणून, हे मी विचारले नाही. यंदा मात्र कार्यकारिणीने ती पाच मिनिटे माझ्याकडे दिली आहेत. ग्रोलची गोष्ट सर्वांना पाठ आहे, तेव्हा ती मी सांगणार नाही. ग्लासातला फेस खाली बसताना काचेवर जी कडी सोडत जातो, ती काका एकटेच मोजत बसत, त्याविषयी बोलावे असे मनात आहे. टिपणे काढून झाली आहेत. बाटली अजून आणलेली नाही, कारण पिल्सनर ताजीच हवी, आणि मेळाव्याला तीन आठवडे आहेत.